बेटावर बिऱ्हाड नेताना: आधी फेरीचं वेळापत्रक, मग खोकी

जमिनीवर घर बदलताना खर्च मुख्यतः अंतरावर ठरतो. बेटावर जाताना पाण्यावरचं अंतर चार किलोमीटर असो की चाळीस, पैसा दोन ठिकाणी जातो: सामान किती वेळा उचललं-ठेवलं जातं, आणि भाड्याची गाडी व माणसं किती वेळ धक्क्यावर खोळंबतात. फेरीच्या तिकिटाचा आकडा आधीच कळतो, म्हणून चौकशी सगळी त्याचीच होते. बजेट फुटतं ते खोळंब्यामुळे. त्यामुळे इथे नियोजन फेरीपासून सुरू करून दोन्ही बाजूंच्या घरांकडे मोजत जायचं.

फेरी कोणत्या प्रकारची आहे?

सर्वात सोपी रो-रो फेरी. भरलेला ट्रक स्वतःच्या चाकांवर आत जातो आणि पलीकडे तसाच बाहेर येतो. सामान दोनदाच हाताळलं जातं: जुन्या घरी चढवताना आणि नव्या घरी उतरवताना.

दुसरा प्रकार बार्ज किंवा लँडिंग क्राफ्ट. सपाट बुडाची ही नौका पुढचा रॅम्प थेट उतारावर टेकवते. ट्रक इथेही जातो, पण अनेकदा उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवावा लागतो. ट्रेलर जोडलेली गाडी असेल तर चालकाला हे जमतं का, ते आधी विचारून घ्या. सपाट बुडामुळे ही नौका लाटेला लवकर माघार घेते, म्हणून खराब हवामानात रो-रो चालू आणि बार्ज बंद असं सर्रास होतं.

तिसरा प्रकार नुसती प्रवासी लाँच. इथे घरातून टेम्पोत, टेम्पोतून धक्क्यावर, धक्क्यावरून लाँचमध्ये, आणि पलीकडे हेच पुन्हा उलट्या क्रमाने, अशी प्रत्येक वस्तूची सहा वेळा उचलठेव होते. मजुरी त्याच प्रमाणात वाढते आणि फुटतूटही. लाँचशिवाय पर्यायच नसेल तर मोठं फर्निचर नेण्याचा विचार सोडा, किंवा फक्त त्यासाठी एकदा बार्ज ठरवा आणि बाकीची खोकी लाँचने हप्त्याहप्त्याने न्या.

फेरी चालवणाऱ्या कार्यालयाला खालचे प्रश्न लेखी विचारा, उत्तरंही लेखी घ्या:

- गाडीचं भाडं लांबीवर, वजनावर की वर्गावर? लांबीचे टप्पे कुठे तुटतात?
- डेकवर जास्तीत जास्त उंची, रुंदी आणि एका ॲक्सलवरचं वजन किती चालतं?
- स्वतःचं घरसामान असलेल्या भाड्याच्या ट्रकला खासगी दर लागतो की व्यापारी?
- रहिवासी सवलत आहे का, आणि नव्याने येणाऱ्याचा भाडेकरार पुरावा म्हणून चालतो का?
- फेरी रद्द झाली तर त्या गाड्या पुढच्या फेरीत आधी घेतल्या जातात, की आरक्षण असलेल्यांच्या मागे उभ्या राहतात?
- नेहमीची नौका गोदीत दुरुस्तीला कधी जाते?

शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. प्रवासी नौका ठरावीक काळाने तपासणी व डागडुजीसाठी सेवेतून काढाव्या लागतात, आणि त्या काळात बहुधा लहान बदली नौका धावते. तिच्यावर ट्रकना जागा कमी असते, कधीकधी उंचीची मर्यादाही वेगळी. घर सोडण्याची तारीख घरमालकाला कळवण्याआधी हे तपासा.

सामान घनमीटरमध्ये मोजा

घरसामान आकाराने मोठं आणि वजनाने हलकं असतं. व्यवसायातला जुना अंदाज घनमीटरला सुमारे ११० किलोचा. त्यामुळे जागा आधी संपते, वजन नंतर. बार्जवर सुटा माल पाठवताना बरेच वाहतूकदार एक टन किंवा एक घनमीटर, यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. घरसामानाला जवळजवळ नेहमी घनमीटरच लागू होतो.

मोजपट्टी घेऊन खोलीखोलीने यादी करा. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार केला की झालं. काही नेहमीचे आकडे: तीन जणांचा सोफा १.५ ते २ घनमीटर, तीनशे लिटरच्या आसपासचा फ्रिज ०.७, वॉशिंग मशीन ०.३, डबल बेडची गादी ०.४ ते ०.५, मोटारसायकल १.७ ते १.८. दोन दारांचं कपाट उभं १.२ घनमीटर खातं, सुटं केलं तर पाव. जेवणाचं टेबल पाय काढल्यावर एकावरून ०.२ च्या खाली येतं. खुर्च्या मात्र फसव्या: प्रत्येकी ०.२ म्हणजे सहा खुर्च्यांचे १.२ घनमीटर. एकीवर एक उलटी ठेवता येत असतील तर निम्मी जागा वाचते.

ट्रकच्या पेटीच्या आतल्या मापांवर भिस्त ठेवू नका. ४.२ × १.८ × १.९ मीटरच्या पेटीचं माप १४.४ घनमीटर भरतं, पण घरसामान कितीही नीट रचलं तरी ८० ते ८५ टक्केच बसतं, म्हणजे साधारण १२. वीस फुटी कंटेनर आतून ३३ घनमीटरचा असतो. त्याचे २६ ते २८ धरा.

गाडी मोठी की लहान?

रो-रो भाडं बहुधा गाडीच्या एकूण लांबीवर असतं. त्यात मागची टेल-लिफ्ट (सामान वर-खाली करायची फळी), सायकलचा स्टँड, बाहेर आलेली शिडी सगळं धरलं जातं. टप्पा ६ मीटरला तुटत असेल आणि गाडी ६.०५ भरली, तर वरच्या टप्प्याचं पूर्ण भाडं. धक्क्यावर मोजपट्टी लावली जाते आणि तिथे वाद घालून काही मिळत नाही. नोंदणीपुस्तकातली लांबी न घेता प्रत्यक्ष मोजलेली लांबी ट्रकवाल्याकडून मागवा. टपावर काही बांधणार असाल तर उंचीही.

एका मोठ्या गाडीची एक खेप ही लहान गाडीच्या दोन खेपांपेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त पडते, कारण प्रत्येक खेपेला रिकाम्या परतीचंही भाडं आहे. अपवाद बेटावरचा रस्ता. धक्क्यापासून नव्या घरापर्यंत सर्वात अरुंद वळण, सर्वात खाली लोंबणारी तार, पुलावरची वजनमर्यादा आणि गाडी वळवायची जागा यांचे फोटो मापांसह मागवा. मोठा ट्रक घरापासून आठशे मीटरवर अडला, तर धक्क्याजवळ लहान गाडीत सामान बदलावं लागतं. त्या दोन जादा हाताळण्या बजेटमध्ये नसतात.

काय न्यायचं

आधी एका घनमीटरचा खर्च काढा. रक्कम जागेप्रमाणे बदलते म्हणून इथे नुसती एककं घेऊ. समजा ट्रक, चालक आणि मजूर यांचा एका दिवसाचा खर्च १०० एककं. दोन दिवसांचे २००, फेरी जाऊन-येऊन ७०, बांधणीचं साहित्य ३०, विमा २०, बेटावरची मदत ३०. एकूण ३५०. उपयोगी जागा १२ घनमीटर, म्हणजे घनमीटरला सुमारे २९. १.८ घनमीटरचा सोफा नेणं ५२ एककांना पडलं. जुना सोफा विकून येणारी रक्कम अधिक हे ५२, यापेक्षा बेटावर घरपोच मिळणारा सोफा स्वस्त असेल तर जुना विका. तुलना मात्र घरपोच किमतीशीच करायची, कारण नवा सोफासुद्धा त्याच फेरीने येणार.

या हिशेबाला एक मेख आहे. खर्च घनमीटरमागे सरळ चढत नाही, पायरीने चढतो. ट्रकमध्ये जागा उरलेली असताना आणखी एक कपाट जवळपास फुकट जातं. जागा संपली की पुढच्या एका खुर्चीसाठी दुसरी खेप लागते. म्हणून यादी पायरीच्या खाली आणणं हेच खरं काम. यादी १३ घनमीटर भरली तर एक-दोन मोठ्या वस्तू कमी करा. ती ९ असेल, तर उगाच विकाविकी करत बसू नका.

वजनदार आणि स्वस्त वस्तू सोडा: दगडी पाट्या, जुन्या फरशा, विटा-फळ्यांची मांडणी. उलट अवजारं, स्क्रू-खिळे, नळाचे वॉशर, एक्स्टेंशन बोर्ड, गॅसची नळी असल्या किरकोळ वस्तू भरपूर न्या. बेटावर त्यांच्यावाचून दिवस अडतो.

मातीसकट कुंड्या, कच्चं लाकूड, जळण आणि मधमाश्यांच्या पेट्या यांवर अनेक बेटांवर बंदी किंवा तपासणी असते, कारण कीड आणि रोग बहुतेक वेळा यांतूनच शिरतात. विचारल्याशिवाय चढवू नका.

दिवस कोणता निवडावा

आठवड्याच्या मधला दिवस घ्या. सुट्टीला लागून असलेल्या दिवशी गाड्यांची रांग असते आणि ट्रक सर्वात शेवटी घेतला जातो. त्या दिवसाची पहिलीच फेरी धरा. ती चुकली तर मागे दुसरी असते. शेवटची चुकली तर मजुरांसह मुक्काम.

मग भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं. तेव्हा भरतीचं पाणी सर्वात वर आणि ओहोटीचं सर्वात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्यात फरक कमी. उधाणाच्या ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र होतो आणि मागचा भाग लांब असलेला भरलेला ट्रक रॅम्पच्या तोंडाशी घासतो, कधी अडकतोही. उथळ खाडीत तर त्या वेळी फेरीच थांबते. तरंगत्या धक्क्यावर हा त्रास कमी, उतारावर टेकणाऱ्या बार्जवर सर्वात जास्त. तारीख तुमच्या हातात असेल तर अष्टमीच्या आगेमागे निवडा.

हवामानाबाबत वाऱ्याचा आकडा अर्धाच उपयोगी आहे. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापावर ६ म्हणजे २२ ते २७ नॉट (ताशी सागरी मैल), ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट. मर्यादा प्रत्येक नौकेची आणि धक्क्याची वेगळी असते. धक्क्याला आडवा येणारा मध्यम वारा समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यापेक्षा जास्त फेऱ्या रद्द करतो. वारा पडल्यावरही दूरच्या वादळाची लाट दिवसभर येत राहते, तेव्हा “ऊन पडलंय, आज सुटेल” हा तर्क चालत नाही. आणि एक दिवस फेरी बंद राहिली की साचलेल्या गाड्या निघायला दुसरा दिवस जातो.

राखीव रक्कम: दहा टक्क्यांचा नियम इथे फसतो

वरच्या उदाहरणात दहा टक्के म्हणजे ३५ एककं. एका दिवसाचा खोळंबा किती पडतो? गाडी आणि माणसं १००, त्यांचं राहणं-जेवण २५, आरक्षण बदल १०. एकूण १३५. रद्द दिवस आणि साचलेली रांग धरून दोन दिवसांचे २७०. राखीव रक्कम टक्क्यांत न काढता “एका दिवसाचा खोळंबा × २” अशी काढा. शांत मोसमात एका दिवसावर भागू शकेल, वादळी महिन्यांत तीन दिवस धरणं शहाणपणाचं.

हा आकडा बघून छाती दडपते, पण तो खाली आणता येतो. ट्रकवाल्याशी करार करतानाच हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी नुसती उभी राहण्याचा, दर वेगळा लिहून घ्या. उभ्या गाडीला पूर्ण दिवसाचं भाडं लागू नये. मजूर दोन्ही काठांवर वेगवेगळे ठरवा: चढवायला इकडचे, उतरवायला बेटावरचे. मग खोळंब्यात फक्त गाडी आणि चालक राहतात आणि १३५ चे ६०-७० होतात. बेटावरच्या मजुरांना तिथला रस्ता आणि जिने माहीत असतात, हा वरचा फायदा. हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास आगाऊ रकमेचं काय, हेही करारात हवं.

जुनं घर किमान एक आठवडा जास्त हाती ठेवा. त्या आठवड्याचं भाडं खर्चाच्या यादीत आधीच लिहा. किल्ली परत करायची तारीख आणि फेरीची तारीख एकच ठेवणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात महागडी काटकसर आहे.

आठवड्यांचा क्रम

आठ आठवडे आधी फेरीची चौकशी, घनमीटरची यादी, रस्त्याचे फोटो. सहा आठवडे आधी फेरीचं आरक्षण, आणि त्यानंतरच ट्रक. उलट केलं तर ट्रक असतो आणि डेकवर जागा नसते. त्याच सुमारास वीज, इंटरनेट, गॅसजोडणीचे अर्ज. बेटावर तंत्रज्ञही फेरीनेच येतो आणि बहुधा ठरावीक वारी. चार आठवडे आधी विकाविकी आणि न लागणाऱ्या वस्तूंची बांधणी. दोन आठवडे आधी विमा. तीन दिवस आधीपासून रोज हवामान आणि फेरीची सूचना.

बांधणी

पुस्तकं लहान खोक्यात, १५ किलोच्या आत. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं, कपडे. लाँचवर चढवताना माणूस हलत्या फळीवर उभा असतो. तिथे २५ किलोचं खोकं पाण्यात जातं किंवा पायावर पडतं. लाँचने जाणारी खोकी दोन हातांत मावतील अशीच भरा, आत जाड पिशवी लावा.

उघड्या डेकवर खारे तुषार उडतात. लोखंडी वस्तू, शिलाई मशीन, सायकलची साखळी यांना तेलाचा हात फिरवा. लाकडी फर्निचर थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आधी चादर किंवा पुठ्ठा, वरून प्लास्टिक, आणि खालची बाजू मोकळी. नाहीतर आतली दमट हवा पॉलिशवर पांढरे डाग सोडते. बंद पोलादी कंटेनरात रात्री छताला पाणी सुटून ठिबकतं, म्हणून गाद्या सर्वात वर ठेवायच्या असतील तर त्यांच्यावर पुठ्ठ्याचा थर हवाच.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा आणि उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर उभा करून एक दिवस थांबा, मग चालू करा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात आतला ड्रम हलू न देणारे) शोधून लावा. ते हरवले असतील तर कंपनीकडून मागवायला दोन आठवडे हाताशी ठेवा.

गॅस सिलिंडर, पेट्रोलचा कॅन, थिनर, फटाके, ॲसिड हे घोषित न करता नेऊ नका. समुद्रावर धोकादायक मालाला आंतरराष्ट्रीय आयएमडीजी संहिता लागू आहे, आणि तिच्यावर आधारलेले फेरीचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात. एका न सांगितलेल्या सिलिंडरमुळे पूर्ण ट्रक धक्क्यावर उतरवला जाऊ शकतो. जनरेटर आणि गवत कापायच्या यंत्रातलं पेट्रोल काढून टाका. इन्व्हर्टरची बॅटरी उभी ठेवून टोकांना चिकटपट्टी लावा.

ट्रक भरताना

रस्त्यावर ब्रेक लागला की सामान पुढे सरकतं. समुद्रावर नौका डोलते तेव्हा ते बाजूला कलंडतं. नेहमीचे पॅकर्स पहिल्याची काळजी घेतात, दुसऱ्याची विसरतात. जड वस्तू केबिनकडे आणि तळाशी ठेवा, डावी-उजवीकडचं वजन सारखं. प्रत्येक सव्वा-दीड मीटरला सामानाची एक भिंत रचून पूर्ण करा आणि ती पेटीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना आडवी बांधा. बाजूच्या फटींत गाद्या-उशा कोंबा. फ्रिज, कपाट यांसारख्या उंच वस्तू दाराजवळ एकट्या उभ्या ठेवू नका. मोटारसायकल चारही बाजूंनी बांधा. नुसत्या स्टँडवर ती पहिल्याच लाटेला आडवी होते.

बहुतेक फेऱ्यांवर प्रवास चालू असताना गाड्यांच्या डेकवर थांबू देत नाहीत. औषधं, कागदपत्रं, दागिने, चार्जर, मुलांचं खाणं वर नेण्याच्या पिशवीत ठेवा. औषधं एका आठवड्याची. स्वतःची कार असेल तर हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि अलार्म बंद करा. नौकेच्या हेलकाव्याने अलार्म वाजत राहतो आणि बॅटरी उतरते.

विमा आणि नुकसानभरपाई

वाहतूकदाराची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते आणि ती मर्यादा घरसामानाच्या किमतीच्या बरीच खाली असू शकते. वेगळा विमा घ्या आणि तीन गोष्टी वाचा: पाण्यावरचा टप्पा धरला आहे का, तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली फुटतूट वगळली आहे का, आणि उशिरामुळे झालेला खर्च मिळतो का. शेवटच्याचं उत्तर जवळजवळ नेहमी नाही असंच असतं, म्हणून तर राखीव रक्कम.

समुद्री व्यवहारात जनरल ॲव्हरेज नावाचा जुना नियम आहे. नौका वाचवण्यासाठी काही माल मुद्दाम फेकला किंवा खास खर्च केला, तर तो बोजा नौकामालक आणि सगळे मालधनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. ज्याचा माल शाबूत राहिला त्यालाही पैसे किंवा हमी दिल्याशिवाय तो मिळत नाही. ही वाटणी कशी करायची ते ठरवणाऱ्या यॉर्क-अँटवर्प नियमांत प्रवाशाचं सामान आणि सोबतची खासगी गाडी यातून वगळलेली आहे, मात्र बार्जवर माल म्हणून पाठवलेलं घरसामान त्या सवलतीत बसेलच असं धरू नका. विमापत्रात जनरल ॲव्हरेजचा उल्लेख शोधा.

पोचल्यावर पावतीवर सही करण्याआधी खोकी क्रमांकाने मोजा. चेपलेलं, भिजलेलं खोकं दिसलं की पावतीवरच तसं लिहा आणि फोटो काढा. बिल ऑफ लेडिंगवर (नौकेने माल घेतल्याच्या पावतीवर) आलेल्या मालाला समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय हेग-विस्बी नियम लागू असतील, तर वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यायची असते आणि दाव्याची मुदत एक वर्षाची. म्हणून काचसामान, टीव्ही आणि संगणकाची खोकी पहिल्या तीन दिवसांत उघडा, पुस्तकं राहू द्या.

ट्रक रिकामा परत जाणारच आहे आणि त्या जागेचं भाडं तुम्ही भरलं आहे. जी खोकी त्याच दिवशी रिकामी होतील ती, बांधणीचा पुठ्ठा आणि न लागणारं फर्निचर त्यातच परत पाठवा. बेटावर कचरा टाकणं अनेकदा पैसे घेऊनच होतं, कारण तोही फेरीनेच बाहेर जातो.